माती कोमट आहे तोवर

दत्ता,

तुझ्या तेराव्याचं आटपून काल केजला परत आलो. हात पुन्हा पुन्हा साबणानं धुतला, तरी राखेचा वास जात नाही. बायको म्हणाली जेवून घ्या. जेवलो. काय जेवलो ते विचारलंस तर सांगता येणार नाही. आज शाळेतही जाऊन आलो. फळा भरून लिहिलं, पोरांनी उतरवून घेतलं, घंटा झाली. सर आज गप का, असं कुणी विचारलं नाही, म्हणजे मी नीट शिकवलं असणार.

मला रडू आलेलं नाही. सगळे रडले. ज्यांनी तुला आयुष्यात कधी पाणी विचारलं नाही तेही रडले. मी सतरंज्या अंथरल्या, चहाचे कप गोळा केले, कुणाला एसटीवर सोडलं. लोक माझ्याकडं बघत होते. दहाव्याला एकानं माईक धरून तुझ्याबद्दल सांगितलं की कैलासवासी दत्तात्रय हे कष्टाळू, मनमिळाऊ आणि परोपकारी होते. तू असतास तर मला कोपर मारून म्हणाला असतास, "कुणाबद्दल बोलायलाय बे हा?"

मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला हुरडा भाजायच्या आगटीबद्दल लिहायचंय.

थंडीत ज्वारी हुरड्यात आली की तू दुसरा माणूस व्हायचास. एरवी लग्नाला निघालास तर वऱ्हाड जेवून उठल्यावर पोचणारा तू, आगटीच्या बाबतीत मात्र एखाद्या फौजदारासारखा. आधी मूठभर माती उडवून वारा बघणार. वारा पिकाकडून आपल्याकडं येतोय अशाच जागी खड्डा. खड्ड्याभोवती पायानं घासून घासून काडी-काडी साफ करणार. ओढ्यातला दगड कुणी चुलीला आणला तर तो उचलून लांब फेकणार, कारण पाणी प्यालेला दगड तापला की फुटतो. एका बाजूला पाण्याची घागर, दुसऱ्या बाजूला भिजवलेलं गोणपाट. मग गोवऱ्या रचायच्या. त्या लालबुंद होऊन वर राखेचा पापुद्रा धरेपर्यंत एकाही कणसाला हात लावू द्यायचा नाहीस. पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं, गुळाचा खडा न् शेंगदाण्याची चटणी पत्रावळीवर वाट बघत, आणि तू आपला उकिडवा बसून विस्तवाकडं बघतोयस.

"दत्ता, कवा देतू बे?"

"गप बस. जाळावर भाजलेला हुरडा मास्तरानं खावा. आमी निखाऱ्यावर भाजतो."

बायकांना सांगायचास, "ताई, पदर खोचा. ती नायलॉनची साडी हाय, ठिणगी पडली की अंगाला चिकटती." बीडहून आलेला एक तरणा एकदा घाईला आला आणि मोटारसायकलमधून बाटलीत पेट्रोल काढून आणलं, गोवऱ्या लवकर पेटाव्यात म्हणून. तू त्याच्या हातातून बाटली अशी अलगद काढून घेतलीस, जसं लहान पोराच्या हातातून विळा काढतात. म्हणालास, "साहेब, हुरडा खायला आलाव का मिशा जाळायला?" सगळे हसले, तोही हसला. नंतर सगळ्यांत जास्त हुरडा त्यानंच खाल्ला.

आणि शेवटचं. पाहुणे उठले, ताक पिऊन झालं, तरी तू उठायचा नाहीस. विस्तवावर पाणी मारायचं, काडीनं उकरायचं, परत पाणी मारायचं, मग माती ओढायची. मातीवर उघडा तळहात ठेवायचा. कोमट लागली की खाली बसायचं. "थांब जरा. मरू दे तिला नीट." माती गार लागेपर्यंत घरी जायचं नाही. मला किती वेळा एसटी चुकवायला लावलीस त्या मातीपायी.

हे सगळं कुठून आलं ते मला माहीत होतं. आपण चौथीत असताना कुणाच्या तरी अर्धवट विझलेल्या शेकोटीनं तुमच्या कडब्याची गंजी पेटली होती. माझे आई-बाप तेव्हा ऊस तोडायला गेलेले असायचे आणि मी सहा-सहा महिने तुमच्याच घरी राहायचो, म्हणून ती गंजी मीही बघितली. तुझ्या बापानं बैलाचं दावं कापलं तेव्हा बैलाची शेपटी जळत होती. त्या बैलाच्या हंबरण्याचं तू मोठा झाल्यावरही कधी नाव काढलं नाहीस. फक्त मातीवर हात ठेवायला लागलास.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी सांगतो, लपवत नाही, दारावरच्या पाटीवरही नावाखाली बी.एस्सी. असं लिहिलंय. लोक हसतात, हसू दे. ज्यांच्या सात पिढ्या शिकल्यात त्यांनी लिहू नये, मी लिहिणार. निकाल लागला तेव्हा माझा बाप कोल्हापूरकडं फडात होता, त्याला निरोप जायला वेळ लागला. तू मात्र शेळ्या तशाच रानात सोडून आलास आणि नांदूरघाटच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटलास, "आमच्या घरात बीयस्सी झाला." आमच्या घरात म्हणालास. मी तेव्हा तुला आभार-बिभार म्हणालो नाही. म्हणलो असतो तर तू शिवी दिली असतीस. तरी आज इथं लिहून ठेवतो. तुझ्या आईच्या भाकरीवर आणि तुमच्या कंदिलावर मी शिकलो.

पण आपलं भांडण राहिलंच, दत्ता.

गेल्या वर्षी तुझ्याकडं हुरड्याला लोक जास्त यायला लागले, तेव्हा मी तुला म्हणालो, एक पाटी लाव. येणाऱ्याला कळेल असे नियम. तू म्हणालास, तोंड हाय की मला. मी म्हणालो, तू एक, माणसं पन्नास, कुणाकुणाला सांगशील. तू ऐकेनास, म्हणून मीच प्लायवूडचा तुकडा आणून लाल रंगानं मोठ्या अक्षरात सगळं लिहिलं. वाऱ्याचं, पाण्याचं, पेट्रोलचं, लेकरांना लांब ठेवायचं. आगटी विझवल्याशिवाय जाऊ नये, हेही. खाली रेघ मारली. तू वाचलंस. म्हणजे अक्षर लावून लावून, ओठ हलवत पूर्ण वाचलंस. आणि म्हणालास,

"लई भारी लिहिलंस. पर पाटी वाचून कुणी आग विझवतं का बे? माणूस माणसाचं ऐकतंय. पाटीचं कोण ऐकतंय?"

"शिकलेली माणसं ऐकतात."

"मग ते पेट्रोलवालं काय अडाणी हुतं?"

मी चिडलो. तू हसलास. पुढच्या खेपेला आलो तर माझी पाटी आखाड्याच्या खिडकीला. शेतातल्या त्या पत्र्याच्या खोलीला तू आखाडा म्हणायचास, तिची खिडकी फुटकी होती, तिथं तू ती पाटी उलटी करून ठोकली होतीस. अक्षरं आतल्या बाजूला. "वारं लई येत हुतं," म्हणालास. "तुझ्या शिक्षणाचा उपयोग झाला बग." मी दोन महिने तुझ्याशी नीट बोललो नाही. मग बोललो. पण पाटी लावायची की तोंडानं सांगायचं, हे काही मिटलं नाही.

त्या पाटीवर सगळं बाहेरच्या विस्तवाचं होतं. आतल्या विस्तवाचं एक अक्षरही नव्हतं. तुलाही सुचलं नाही, मलाही नाही. आपण दोघंही आग म्हणजे जाळ समजत होतो. भडकते ती, उडते ती, गंजी खाते ती. जिला जाळ नाही, धूर नाही, जी नुसती लाल होऊन पडलीय, तिची भीती आपल्याला कुणी शिकवलीच नाही. अशा निखाऱ्यातून निघणारा वायू मी नववीच्या पोरांना शिकवतो. रंग नाही, वास नाही. फळ्यावर शिकवतो.

तुझ्या शेवटच्या दिवसाचं मला वहिनींनी सांगितलं ते असं. पाहुणे उशिरा उठले. तू त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलेला. ओढ्याकाठी बिबट्याचे माग दिसल्यापासून तू आखाड्यावरच झोपत होतास. शेळ्या जाळीच्या वाड्यात आणि नुकतीच झालेली दोन करडं थंडीनं कुडकुडतात म्हणून आत, तुझ्यापाशी. वहिनी तुझी भाकरी घेऊन आल्या होत्या. आगटीत निखारे अजून चांगले होते. त्यांनी ते घमेल्यात भरले आणि आत नेऊन ठेवले. तू परत आलास, बघितलंस, आणि म्हणालास, "बरं केलंस. करडं गारठलेत." मग त्या दिवस मावळायच्या आत घरी गेल्या. आगटीवर तू नेहमीसारखी माती ओढली होतीस. सकाळी निरोप आल्यावर मी धावत आलो तेव्हा बघितली. नीट थापलेली, मधे तुझ्या हाताचा ठसा. बाहेरची आग तू पूर्ण विझवलीस आणि बिबट्याच्या भीतीनं दार आतून लावून घेतलंस.

सकाळी दार तोडावं लागलं. तू कुशीवर होतास, एक करडू तुझ्या पोटाशी, एक पायाशी. तिघांच्याही अंगावर ओरखडा नाही.

दवाखान्यात घरच्यांच्या वतीनं बोलायला मीच होतो. डॉक्टरांनी विचारलं, आत शेकोटी होती का. मी म्हणालो, निखारे होते. दार बंद? बंद. खिडकी? मी म्हणालो, तीही बंद. कशानं, ते सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, अहवाल येईल तेव्हा येईल, पण मला हा निखाऱ्याच्या वायूचाच प्रकार दिसतोय. झोपेतच गेले, कळलंही नसेल त्यांना. मी बरं म्हणालो. बाहेर आलो, नळावर पाणी प्यालो, आणि जमलेल्यांना सांगितलं की आता बॉडी मिळेल. एवढंच सांगितलं.

कारण घरी वहिनी छाती बडवून म्हणत होत्या, "मीच उबेला निखारे ठिवून आले हो, गार पडलेच कसे तुमी." आणि बायका म्हणत होत्या, किती जीव होता बघा नवऱ्यावर.

आता सांग, मी काय करायला पाहिजे होतं? मी तोंडावर बोलणारा माणूस. संस्थाचालकाला तोंडावर बोललोय, सासऱ्याला बोललोय, तुला तर रोजच बोलायचो. आणि इथं खरं बोललो तर त्या बाईला जन्मभर काय घेऊन जगावं लागेल ते दिसत होतं. नाही बोललो तर तुझं नाव जात होतं. पारावर एकजण म्हणाला, दारू जास्त झाली असंल. दुसरा म्हणाला, दारू माणूस प्यालं, करडं काय प्याली का? बाहेरचं हाय काहीतरी, ती जागाच तसली हाय. ज्यानं कधी बाटलीला तोंड लावलं नाही त्याच्याबद्दल हे. मी तिथंच बसलो होतो. उठलो नाही. माझा तंबाखूचा बार संपला तेवढं मात्र लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. सगळे पुढं वाकून अस्थी वेचत होते. मी खाली बसलो आणि नकळत राखेवर हात ठेवला. तळहात पूर्ण टेकवून. कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, काय करायलाव?" मी हात काढला. राख गार होती. तुझ्या नियमानं आता घरी जायला हरकत नव्हती.

त्याच दिवशी संध्याकाळी वहिनींनी मला चहा आणून दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? करडं कावून मेली?"

मी कपात बघत राहिलो. चहा पिऊन टाकला. त्यांनी कप नेला.

आता कालच्या आदल्या दिवसाचं, तुझ्या तेराव्याचं. ते सांगायलाच मी लिहायला बसलोय, इतका वेळ टाळत होतो.

स्वयंपाक अंगणात. दोन भट्ट्या खणल्या होत्या, बाभळीची लाकडं. मी वारा बघून जागा दाखवली, पाण्याचं पिंप जवळ ठेवलं, आचाऱ्याला मफलर काढायला लावला. तो वैतागला. पंगती उठल्या. दिवस मावळतीला आला आणि गारठा सुटला. लांबचे पाहुणे राहणार होते. लेकुरवाळ्या बायकांची सोय आतल्या फरशीच्या खोलीत, तुझ्या दोन्ही पोरीही त्यांच्यातच. तेवढ्यात तुझी घाटनांदूरची आत्या भट्टीपाशी आली आणि घमेलं पुढं सरकवून आचाऱ्याला म्हणाली,

"भर रे निखारे. आतल्या खोलीत ठिवते. फरशी कशी बरफावानी झालीया, लेकरं काकडून मरतील."

मी म्हणालो, "आत्या, आत नको."

"कावून नको?"

"धूर व्हईल."

"निखाऱ्याला कुठं धूर असतो का मास्तर? एवढं शिकलाव अन् एवढंबी ठाऊक न्हाई?" आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. तेरा दिवसांत त्या घरात कुणी हसलं ते पहिल्यांदाच.

माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. आत गॅसची टाकी आहे, असं सांगणार होतो. टाकी त्या खोलीत नव्हतीच. घमेलं भरलं होतं, आत्यानं ते पदरानं धरून उचललं होतं.

वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. उठल्या. दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत्या, घमेलं खाली ठिवा."

"अगं, लेकरायला—"

"खाली ठिवा म्हणलं ना."

आत्यानं ठेवलं. वहिनींचा आवाज मोठा नव्हता, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला.

"त्या दिवशी मीच ठिवलतं असंच. घमेलं भरून, उबेला. त्यानंच गेले ते. करडंबी त्यानंच गेली. दारू न्हाई अन् बाहेरचं न्हाई. दार लावलेल्या खोलीत निखारा माणूस मारतो. मी मारलंय, मला ठाऊक हाय."

आत्या खाली बसली. म्हणाली, "असं बोलू नगंस माय."

"बोलणारच. माझ्या लेकी झोपायच्यात त्या खोलीत. समद्यायच्या लेकी झोपायच्यात."

मग त्यांनी स्वतः ते घमेलं उचललं, भट्टीत उपडं केलं, पिंपातलं पाणी मारलं, उकरलं, परत मारलं. फावडं घेतलं आणि माती ओढायला लागल्या. मी दुसरं फावडं घेतलं. आचारी पुढं आला तर त्याला नको म्हणाल्या. पाहुण्या आतून गोधड्या काढत होत्या, कुणी कुणाची गोधडी, कुणी तुझं घोंगडं. आत्यानं स्वतः जाऊन त्या खोलीची खिडकी उघडली. गार वारं येऊ दे म्हणाली.

माती ओढता ओढता मी विचारलं, "वहिनी, तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमी."

"मी कुठं काय बोललो?"

"तेच की. करडं कावून मेली म्हणून इचारलं तर गप बसलाव. तुमी कवा गप बसताव का भावजी? त्यांचं न् तुमचं भांडण मी किती वर्षं ऐकलंय." फावडंभर माती ओढून म्हणाल्या, "तुमी सांगितलं असतं तर मी तुमच्यावर रागावले असते. आता कुणावर रागवायचं ते कळंना."

मी म्हणालो, दत्तालाही माहीत नव्हतं. त्यानंही बरं केलंस म्हणलं. त्या म्हणाल्या, "व्हय." तेवढ्यानं त्यांचं काही हलकं झालं असं मला वाटलं नाही. हे लिहितोय तेही त्यांना विचारूनच. म्हणाल्या, लिहा, नावासकट लिहा, पर पाटीवरबी लिहा. तोंडानं मी सांगते.

म्हणजे आपलं भांडण त्यांनी मिटवलं. तुझंही ठेवलं, माझंही. ती पाटी मी आखाड्याच्या खिडकीवरून काढणार आहे. खिडकी उघडी राहू दे. खाली रिकामी जागा आहे, एक ओळ बसेल.

दत्ता, भट्टीवर माती ओढून झाली तेव्हा अंधार पडायला लागला होता. मला एसटी गाठायची होती. वहिनी खाली वाकल्या आणि मातीवर तळहात ठेवला. तुझ्यासारखाच, बोटं पसरून. त्यांना हे कधी कुणी शिकवलं नसणार, बघून बघून आलं असणार. मीही शेजारी हात ठेवला.

माती अजून कोमट होती.

वहिनी बसल्या. मग मीही बसलो. एसटी गेल्याचा आवाज आला.